खडकीची बिअर आणि आपल्या घरची बाटली

ज्यांचा स्वयंपाक आटोपला असेल त्यांनी बसून ऐका, ज्यांचा चालू आहे त्यांनी हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज मी बोलणार आहे बिअरच्या एका कारखान्याबद्दल. आता काही जणी हसल्या असतील. बचत गटाच्या बाया, दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या आपण, आणि रेडिओवर बिअरची गोष्ट? पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा कारखाना आता नाही. त्याच्या बाटल्या मात्र कुठे कुठे अजून आहेत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या उकिरड्यात. आणि त्या बाटल्यांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याच गटाच्या बैठकीत निघाला होता. तिथवर मी येतेच.

पुण्याजवळची खडकी तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ऐकून ठाऊक असेल. आपल्याकडची किती तरी पोरं सैन्यात गेली, त्यांच्या तोंडी हे नाव असतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला तिथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, पेशवाई गेली आणि पुढे तिथे इंग्रजांनी कायमची छावणी बसवली. १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो आजही आहे. माझी मावशी खडकीला दिलेली. ती गमतीनं म्हणायची, "आमच्या खडकीत दोन्ही दारू. एक बंदुकीत घालायची, एक पोटात." लहानपणी मला त्यातली पहिलीच कळायची. दुसरी म्हणजे मीकिन साहेबाचा बिअरचा कारखाना.

हा मीकिन कोण? एच. जी. मीकिन नावाचा इंग्रज. इंग्लंडमध्ये बर्टन नावाचं गाव आहे, तिथली बिअर नावाजलेली, आणि तिथल्याच बिअर करणाऱ्या घराण्यातला हा माणूस. तो हिंदुस्थानात आला आणि त्यानं शिमला आणि कसौलीचे जुने कारखाने विकत घेतले. मग राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग इथे नवे काढले. ही सगळी थंड हवेची डोंगरातली गावं. आणि या यादीत शेवटी एकच गाव सखल मुलखातलं, आपल्या महाराष्ट्रातलं: खडकी.

कसौलीचा कारखाना मीकिननं ज्याच्याकडून घेतला त्याचं नाव एडवर्ड डायर. १८५५ मध्ये त्यानं तो काढला असं त्या कंपनीवाले सांगतात. डायर हे नाव ऐकून कुणाच्या मनात काही आलं का? बरोबर आलं. याच एडवर्ड डायरचा मुलगा रेजिनाल्ड. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडायला लावणारा तोच जनरल डायर. बापानं गोऱ्या सोल्जरांसाठी बिअर केली, मुलानं गोळीबार केला. शाळेच्या पुस्तकात आपण मुलाचं नाव वाचलं, बापाचं कधी कुणी सांगितलं नाही. पुढे ही दोन नावं जोडून डायर मीकिन कंपनी झाली. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ती विकत घेतली आणि नंतर तिचं नाव मोहन मीकिन झालं. हिमाचलातल्या सोलनला त्यांचा कारखाना आहे. खडकीचा मात्र राहिला नाही.

बिअरसाठी एवढा आटापिटा कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण होतं. कंपनी सरकारच्या काळापासून गोऱ्या शिपायाला रोजच्या शिध्यात अरक मिळायचा, म्हणजे आपल्याकडचीच कडक दारू. त्यानं माणसं आजारी पडायची, मारामाऱ्या करायची, दवाखाने भरायचे. सैन्याच्या डॉक्टरांनी आणि साहेबांनी ठरवलं की त्यापेक्षा बिअर बरी, तिच्यात नशा कमी. पण बिअर यायची इंग्लंडहून जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी. सुएझचा कालवा झाला १८६९ मध्ये, त्याच्या आधी हाच रस्ता. पिंपं फुटायची, माल आंबायचा, भाव चढायचा. तेव्हा इथेच का करू नये, म्हणून हे कारखाने निघाले. पिणारा गोरा शिपाई, म्हणून कारखाना छावणीच्या जवळ. खडकी छावणीचं गाव, वर पुणे-मुंबई रेल्वेवरचं. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये पुरी झाली होती, म्हणजे मुंबईच्या बंदरात उतरलेला माल थेट गाडीनं यायची सोय.

आता बिअर होते कशी, ते सांगते. ऐकून तुम्हाला वाटेल की हे तर आपल्या चुलीपाशीच चाललंय. जव घ्यायचे, म्हणजे आपले सातू. ते भिजत घालायचे. मग पसरून ठेवायचे, ओल राखायची, मधून मधून हलवायचे, की मोड येतात. आपण मटकीला आणतो तसेच. मोड आले की धान्यातल्या पिठाची आपोआप साखर होऊ लागते. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, ते पीठ गोडसर लागतं ना, कारण तेच. मोड आलेले जव मग भट्टीत वाळवायचे, भाजायचे. जास्त भाजले तर बिअर काळी, कमी भाजले तर पिवळी. मग भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, गाळून घ्यायचे. तो गोड रस उकळायचा आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली फुलं टाकायची. कडूपणा त्यानंच येतो, आणि टिकते पण त्यामुळेच. मग थंड करून खमीर घालायचं. जिलबीचं पीठ रात्रभर ठेवलं की फसफसतं, तसं हे काही दिवस फसफसतं. मग आठवडे न् आठवडे थंडीत ठेवायचं. याच थंडीसाठी ते डोंगरात जायचे. खडकीसारख्या ठिकाणी बिअर नासू न देणं हे केवढं जिकिरीचं असेल, याचा अंदाज उन्हाळ्यात दही आंबट न होऊ देणाऱ्या बाईला बरोबर येईल.

आणि गाळून उरलेला चोथा? तो फेकत नाहीत. बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा दुभत्या जनावरांना घालतात. आजही घालतात. म्हशी आवडीनं खातात, पण ओला लवकर बुरसतो, म्हणून एकदोन दिवसांत संपवावा लागतो. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात दुधाचा धंदा करणाऱ्या गटांना कधी कुणी असा चोथा आणून देतो म्हणालं, तर वास घेऊन, हात घालून, गरम झालाय का ते बघूनच घ्या. बुरशी आलेला चोथा जनावराला सोसत नाही.

आता बाटलीकडे येते.

आपल्या गटातल्या एका ताईनं जुनं घर पाडलं, घरकुलासाठी. पाया खणताना एक बाटली निघाली. जाड काच, काळपट हिरवी, तळ आत दबलेला, अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं, अर्धी झिजलेली. ती धुऊन बैठकीत आणली. ताईंचा मुलगा फोनवर बघून सांगू लागला की अशा बाटल्या लोक हजारोला घेतात. दुसऱ्या दिवशी भंगारवाला म्हणाला, काचेच्या भावानं द्या, दोन रुपये. कुणाचं खरं मानायचं?

ती बाटली खडकीची आहे असं मी म्हणणार नाही. आपल्यापासून जालना किती लांब? सकाळी बसमध्ये बसलं की चहाच्या वेळेला जालन्यात. तिथे इंग्रजांच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, १९०३ पर्यंत. जिथे छावणी तिथे बाटल्या. छावणीत रिकामी झालेली बाटली बाजारात यायची, बाजारातून गावात, आणि गावात आली की ती साहेबाची राहायची नाही, आपली व्हायची. तिच्यात घासलेट भरलं जायचं, एरंडेल भरलं जायचं, मध भरला जायचा. बुचाला भोक पाडून चिंधीची वात ओवली की दिवा. माझ्या मावशीकडे अशाच एका बाटलीत खोबरेल असायचं, थंडीत ते गोठलं की आम्ही पोरी बाटली उन्हात ठेवायचो. पापड लाटायला सुद्धा मी बाटली वापरलेली पाहिली आहे, लाटणं कमी पडलं तेव्हा. फुटली तरी वाया जात नव्हती, काचा भिंतीवर रोवल्या जायच्या. आणि साहेबाच्या घरून आलेली चिनी मातीची बरणी, तिच्यात लोणचं.

म्हणजे या कारखान्याची आठवण जपली ती खरी बायकांनी, आणि तीही आठवण जपायची म्हणून नाही, वस्तू कामाची होती म्हणून. संग्रह करणारे लोक आज काच चकचकीत करून कपाटात ठेवतात, खाली चिठ्ठी लावतात: अमुक कंपनी, अमुक साल. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, त्यांच्यामुळेच या वस्तू वाचल्या. पण त्या चिठ्ठीवर "हिच्यात चाळीस वर्षं एरंडेल होतं" असं कुणी लिहीत नाही. माझ्या मते तेही लिहिलं पाहिजे.

घरात अशी बाटली असेल तर ती किती जुनी ते थोडंफार आपल्यालाच ओळखता येतं. बाटलीच्या अंगावर दोन बाजूंना उभी शिवण असते, साच्याचा जोड. बोट फिरवलं की लागते. ती शिवण मानेवर मधेच थांबत असेल आणि तोंडाची कड वेगळी लावल्यासारखी जाड दिसत असेल, तर ती बहुधा हातानं तोंड घडवलेली, शंभर वर्षांहून जुनी. शिवण थेट तोंडाच्या वरच्या काठापर्यंत गेली असेल तर यंत्रावर झालेली, विसाव्या शतकातली. तोंडाशी बुचासाठी जाड पट्टी असेल तर जुनी. आज सोड्याच्या बाटलीला पत्र्याचं दातेरी झाकण असतं, त्याचा शोध १८९२ मध्ये अमेरिकेत लागला, तेव्हा तसं झाकण बसेल अशी बारीक कड असेल तर बाटली त्यानंतरची. गोटी सोड्याची बाटली तर सगळ्यांना माहीत. मानेत काचेची गोटी अडकलेली, दाबली की फस्स. ती एका इंग्रजानं १८७२ मध्ये काढली, कॉड त्याचं नाव, आणि आपल्या यात्रांमध्ये ती कालपरवापर्यंत होती. आपल्या बालाजीच्या यात्रेत तिचा तो आवाज ऐकला नाही अशी बाई माझ्या वयात सापडणार नाही. आणि रंग? बिअरची बाटली गडद तपकिरी किंवा हिरवी असते, कारण उजेडानं बिअर बिघडते. पांढऱ्या काचेची जुनी बाटली असेल तर ती बहुधा औषधाची किंवा अत्तराची.

हजार की दोन रुपये, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की घाई करू नका. काचेच्या भावात देऊ नका, पण हजारांच्या भरवशावर उसनवारीही करू नका. फोनवर दिसते ती विकणाऱ्यानं सांगितलेली किंमत असते, कुणी दिलेली नसते.

आता दुसरी बाजू, जिच्याशिवाय ही गोष्ट सांगणं मला पटत नाही.

खडकीसारख्या छावण्यांत गोऱ्या सोल्जरसाठी बिअर येत होती, त्याच काळात बाकीच्या लोकांसाठी सरकारनं काय केलं? १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्याआधी कोकणात, खानदेशात, गुजरातेत गावागावांत मोहाची दारू घरीच गाळली जायची. कायद्यानं ते बंद झालं. दारू गाळायची ती मोठ्या भट्टीतच, विकायची ती मक्त्याच्या दुकानातच, आणि प्रत्येक बाटलीवर सरकारचा कर. गावाची दारू गेली आणि सरकारची आली. दारू कमी व्हावी म्हणून हे केलं असं सांगितलं गेलं, पण तिजोरीत भर पडत राहिली. जितकी विक्री जास्त तितका कर जास्त, मग दुकानं कमी कशी होतील?

हे त्याच वेळी ओळखणारा माणूस पुण्यातच होता, खडकीपासून हाकेच्या अंतरावर. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये त्यांनी पालिकेला पत्र लिहून शहरातल्या दारूच्या दुकानांना विरोध केला. त्याच वर्षी व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून पालिका स्वागतावर हजार रुपये खर्च करायला निघाली, तेव्हाही फुल्यांनी सांगितलं की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. कुणाच्या संसारातून हा पैसा निघतो, हे त्यांना दिसत होतं.

पुढे १९३० च्या चळवळीत गावोगावच्या बायका दारूच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या, निरोधन म्हणायचे त्याला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आली. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी. आपला बुलढाणा तेव्हा त्या राज्यात नव्हता, आपण मध्य प्रदेशात होतो, १९५६ पर्यंत. नंतर बंदी हळूहळू ढिली झाली, परवाने निघाले. आज महाराष्ट्रात त्याच कायद्याच्या नावाखाली दारू विकायचा परवाना मिळतो. कायद्याचं नाव दारूबंदीचं आणि त्यातून मिळतो विकण्याचा परवाना, याचं मला दर वेळी हसू येतं.

आणि बिअरचा कारखाना आता खडकीला नसला तरी आपल्यापासून लांब गेला असं समजू नका. तो जवळ आलाय. छत्रपती संभाजीनगरला, वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत, बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. आपल्या तालुक्यातली मुलं तिथे कामाला आहेत, त्यांच्या पगारावर घरं चालतात, हे मी नाकारत नाही. पण २०१६ चा उन्हाळा आठवा. जायकवाडीत मृत साठा उरलेला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आपण रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं सांगितलं की दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग ६० टक्क्यांनी कापा. एक लिटर बिअर करायला सगळं धरून चार-पाच लिटर पाणी लागतं, धुण्याचं, थंड करण्याचं, सगळं. ज्या उन्हाळ्यात माझी शेजारीण चार हंडे पाण्यात सात माणसांचा दिवस काढत होती, त्या उन्हाळ्यात हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

बाटल्यांचंही ऐका. बिअरची बाटली एकदा वापरून फेकत नाहीत. भंगारवाला घेतो, तो मोठ्या भंगारवाल्याला देतो, तिथून ती कारखान्यात परत जाऊन धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते. या साखळीत सगळ्यात खाली कोण? उकिरड्यावर, धाब्याच्या मागे, लग्नाच्या मांडवामागे बाटल्या वेचणाऱ्या बाया आणि लेकरं. त्यांना बाटलीमागे रुपया-दीड रुपया. उद्या शंभर वर्षांनी या कारखान्यांच्याही बाटल्या कुणी कपाटात मांडील. त्यावर वेचणारीचं नाव असणार नाही.

म्हणून आपल्या गटांनी एक काम करावं असं मला वाटतं, आणि हे काम कठीण नाही.

आपल्या भागात आठवण सांगणाऱ्या बाया अजून आहेत, पण त्या थकल्यात. कारखाना बंद झाला की कामगाराची आठवण निघते, मालकाची निघते, बाटलीची निघते. पण पगाराच्या दिवशी दारात वाट बघत बसलेल्या बाईची आठवण कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी ती काय करायची? पोरांना शेजारी पाठवायची का? पैसे कुठे लपवायची, पिठाच्या डब्यात की देव्हाऱ्यामागे? धान्य उसनं कुणाकडून आणायची? हे सगळं तिच्याबरोबर जाईल. आणि हेही लक्षात घ्या की सगळ्याच आठवणी रडण्याच्या नसतात. कुणी गोटी सोड्याची सांगेल, कुणी बाटलीच्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास केला ते सांगेल. तेही घ्या.

फोन आहे ना आता प्रत्येकीच्या घरात? सुनेनं फोन धरावा, सासूनं बोलावं. आधी विचारा, बोलू का, रेडिओवर लावू का. नाही म्हणाली तर नाही. पंखा बंद करा, मागे टीव्ही नको. प्रश्न छोटा विचारा आणि मग गप्प बसा, हे सगळ्यात अवघड. नवऱ्याचं, दिराचं नाव आलं तर ते आपण प्रसारणात काढून टाकू. कुणाची बदनामी करायला आपण हे करत नाही.

आणि कागद जपा. आपल्याकडे काही गावांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं आहे. ज्यांना नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला मतं लागतात ती मतदान केलेल्या बायांच्या निम्म्याहून जास्त नाही, तर मतदार यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. यातच पुष्कळ गावं हरली. हजार बाया यादीत, चारशे जणी आल्या, चारशेच्या चारशेंनी आडवी बाटली केली, तरी दुकान चालूच. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं तशीच असतील, तर ती आधी कमी करून घ्या, नाहीतर तीही तुमच्या विरोधात मोजली जातात. आणि हे मतदान परवान्याच्या दुकानासाठी आहे. हातभट्टीला मतदान लागत नाही, ती मुळातच गुन्हा आहे, तिथे पोलिसांत तक्रार.

या सगळ्याचे कागद असतात. सह्यांची यादी, ग्रामसभेचा ठराव, अर्जाची पोच, मतदानाच्या दिवसाचे फोटो, त्या दिवशीच्या घोषणांचा हातानं लिहिलेला पुठ्ठा. गट मोडला, अध्यक्षा बदलली, की हे सगळं रद्दीत जातं. खडकीच्या कारखान्याच्या बाटलीला घेणारं गिऱ्हाईक आहे. आपल्या आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांना आज नाही. म्हणून त्या आपणच ठेवायच्या. एक पत्र्याची पेटी, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला वाळवीसाठी, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता साध्या कापडात गुंडाळून, आणि पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर. प्रत्येक कागदावर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि गावाचं नाव. पेनानं नको, शाई फुटते.

जुनी बाटली धुवायची असेल तर आत वाळू घालून हलवू नका, काचेवर चरे पडतात. मूठभर कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून हळू हळू फिरवा, दोनतीनदा. ॲसिड अजिबात नको. बाहेर कागदाचं लेबल चिकटलेलं असेल तर बाटली पाण्यात बुडवूच नका, ओल्या फडक्यानं बाकीचं पुसा आणि लेबलाचा आधी फोटो काढून ठेवा. बाटली कुठे निघाली, किती खोल, कुणाच्या घरात, कशासाठी वापरली, हे चार ओळींत लिहून तिच्या आत सुरळी करून ठेवा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी ते घेऊन या, बाटली, बरणी, गोटी, कंदील, काहीही. आणि ज्यांच्या घरी सांगणारी म्हातारी असेल, त्यांनी तिला घेऊन या. रिक्षाचे पैसे गटातून देऊ.